दहापैकी दहा

सोजरला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा चूल थंड होती. "काय लागलंय गं बुडाला?" म्हणून तिनं सुनेला दोनदा हटकलं. शेवटी शालननं कालवणाचं रिकामं भगुलं सासूच्या नाकापुढं धरून दाखवलं, आणि दोघी पोट धरून हसल्या. आठ दिवस असे हसण्यावारी गेले. नवव्या दिवशी कवठ्याच्या बाजारात मीठ घेता घेता सोजर कोसळली आणि तिच्या तोंडाला फेस आला.

मायाप्पा कोळेकर हा तिचा नवरा. जत भागातला धनगर, अडीचशे माडग्याळी मेंढरांचा धनी आणि बोलण्यात महाकंजूष. मेंढरांशी दिवसभर हुर्र, टिर्र, च्यक असे आवाज काढून तो सगळा व्यवहार करायचा. माणसांच्या वाट्याला "हं" आणि "मंग" एवढंच यायचं. अशा माणसाला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर शहापूरकरबाईंपुढं बसवलं, आणि बाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या बायकोचा मेंदू उघडून दाखवला.

"गाठ होती. दिसली तेवढी काढली," बाई म्हणाल्या. "पण ही जात फार वाईट आहे. हरळी बघितलीय ना तुम्ही?"

हरळी मायाप्पाला कोण शिकवणार! वरून कितीही खुरपा, खाली कांडी राहिली की पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवं.

"तसंच. हिची मुळं चांगल्या मेंदूत लांबवर पसरलेली असतात. तिथं सुरी चालवता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं असतं, वर्ष-सव्वा वर्ष हातात आहे, घरी न्या."

"मंग?"

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. गेली तीन वर्षं त्या हेच काम करत होत्या आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. त्यांनी एक विषाणू घेतला होता. त्याच्यातला रोग काढून टाकला होता आणि त्या जागी एक जनुक बसवलं होतं. जनुक म्हणजे पेशीला दिलेला हुकूम, अमुक एक पदार्थ तयार कर म्हणून. हा विषाणू वाटेल त्या पेशीत शिरत नाही. जी पेशी फुटून एकीच्या दोन होत असते, तिच्यातच त्याला वाट मिळते. आता मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या पेशी फुटायच्या कधीच थांबलेल्या असतात. फुटत असते ती फक्त गाठ. शस्त्रक्रियेच्या वेळीच तो विषाणू सोजरच्या मेंदूत सोडला होता, आणि एव्हाना तो मुळामुळांतून पसरला होता.

"आता द्यायची ती गोळी. ती तुम्ही खाल्लीत तरी काही होणार नाही. पण जिथं आमचा हुकूम पोचलाय, त्या पेशीत गेली की तिथंच तिचं विष होतं. पेशी आपली आपण मरते. तीन तीन आठवड्यांच्या तीन फेऱ्या."

"बरं," मायाप्पा म्हणाला आणि उठायला लागला.

"बसा. खोट आहे ती ऐका." बाईंनी पडद्यावर कानाच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं. तिथं हिप्पोकॅम्पस नावाची एक इवलीशी जागा असते. सगळा मेंदू थांबला तरी तिथं उतारवयातही थोड्या नव्या पेशी जन्माला येत राहतात. त्यांचं काम एकसारखं दिसणारं वेगवेगळं ओळखायचं. काल चप्पल कुठं काढली आणि आज कुठं, हे ज्यामुळं कळतं त्या ह्या. विषाणू तिथंही शिरतो, कारण तिथंही पेशी फुटतात. दर फेरीला त्यातल्या काही मरतात, आणि ज्या मूळ पेशींपासून त्या निपजतात तो साठाही कमी होतो. तो संपला की पुन्हा भरत नाही. "जुनं काही जाणार नाही त्यांचं. तुम्ही, मुलगा, गाव, सगळं राहील. पण नवं आणि एकमेकांसारखं, ते एकात एक मिसळायला लागेल. म्हणून आम्ही लक्ष ठेवू. मिसळायला लागलं की गोळी कमी करू, वेळ पडली तर थांबवू."

एवढ्या सगळ्यातून मायाप्पाच्या डोक्यात शेवटचे दोनच शब्द राहिले. गोळी थांबवू.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर दवाखान्याची एक परीक्षा होती. पडद्यावर छत्र्या, खुर्च्या, कपबश्या दाखवायच्या आणि मघाची तीच का दुसरी, हे विचारायचं. सोजरनं चार खुर्च्या बघितल्या आणि तोंड फिरवलं.

"बाई, ह्यातली एकबी खुर्ची माझ्या कामाची न्हाई. कशाला ध्यानात ठिवू?"

"मग तुमच्या कामाचं काय आहे?"

"कोकरं."

आणि सोजरनं सांगितलं ते ऐकून बाईंनी आपली परीक्षा बाजूला ठेवली. मेंढरं दिवसभर रानात चरतात. लहान कोकरं तळावर, वाघरीत म्हणजे जाळीच्या कुंपणात. सांजेला मेंढरं परतली की एकेक कोकरू उचलायचं आणि ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. आई वास घेते; आपलं असेल तर पाजते, नसेल तर डोकं घालून उडवून लावते. एकदम सोडली तर दांडगी कोकरं दोन-दोन आयांना पितात आणि दुबळी उपाशी मरतात. सरकारी चिप कानात बसते ती तीन महिन्यांनंतर. तोवर चिप म्हणजे तळावरची बाई. सगळी पांढरी, सगळ्यांवर तपकिरी ठिपके, सगळ्यांची नाकं पोपटासारखी बाकदार. सोजर जन्मलेलं कोकरू एकदा बघायची, आणि साठांतून डोळे मिटून काढल्यासारखं तेच उचलायची. आसपासच्या तळांवरच्या बायका ते बघायला यायच्या.

"ठरलं," शहापूरकरबाई म्हणाल्या. "दर गुरुवारी दहा नवी कोकरं. सून फोनवर चित्रण करून मला पाठवेल. चुकलं तर मेंढीच सांगेल. माझ्यापेक्षा चोख परीक्षक आहे ती."

पहिली फेरी दिवाळीनंतर झाली. दहापैकी दहा. बाईंनी फोनवर टाळ्या वाजवल्या आणि सोजर पदर तोंडावर घेऊन लाजली.

पौषात दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा तळ पलूसच्या बाजूला, उसाच्या मोकळ्या रानात होता. दुसऱ्या आठवड्यात एका सांजेला सोजरनं एक कोकरू उचललं आणि बिनधास्त एका मेंढीला लावलं. मेंढीनं वास घेतला आणि कोकरू चार हात लांब फेकलं. "आज बिथारली जणू ही," सोजर म्हणाली. मग दुसरी बिथरली. मग तिसरी.

तिसऱ्या मेंढीचा दोष नसतो, एवढं मायाप्पाला कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

कुठल्या कोकराची आई कुठली, हे सकाळीच हेरून गुरुवारी तो मेंढरांच्या मागं जाऊन उभा राहिला. सोजर कोकराला वाकली की तो बघायचा कुठलं उचलतेय. ती वर बघेस्तोवर त्याची आई गुडघ्यानं रेटून बरोब्बर तिच्या समोर आणलेली असायची. सोजर मान वर करायची, समोर मेंढी, आणि तिला वाटायचं आपणच ओळखली. शालन फोन धरून उभी होती. तिला सगळं दिसत होतं.

"मामा, आवं ह्ये..."

"फोन वर धर. गुडघा दिसाय नगं."

दहापैकी दहा.

पुढच्याही गुरुवारी दहापैकी दहा. मायाप्पानं आयुष्यात कुणाच्या बांधावरची काडी उचलली नव्हती. आता दर आठवड्याला तो नेमानं चोरी करत होता, आणि त्याची लाज वाटायला हवी ती वाटतही नव्हती. गोळी चालू होती ना? मग झालं.

पण कोकरांपुरतंच असतं तर एक वेळ ठीक होतं. कासारीण येऊन गेल्याचं सोजरनं शालनला एका दिवसात तीनदा सांगितलं, आणि तीनदा निराळं. कालची कासारीण आणि मागच्या महिन्यातली, दोघींची एक झाली होती. एक आजारी कोकरू मेलं, ते तिनं स्वतः पुरलं, आणि दोन दिवसांनी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याला मांडीवर घेऊन "बरं झालं की गं माझं बाळ" म्हणून त्याचे मुके घेतले. शालन चुलीकडं तोंड करून रडली. मायाप्पा मेंढरांत जाऊन उभा राहिला.

दुसरी फेरी संपली. महिन्याभरानं मिरजेत जाऊन मेंदूचं पुन्हा चित्र काढलं. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती. "तिसरी फेरी अर्ध्या गोळीची द्यायचं मनात होतं. पण सोजरबाई, तुमची ओळख इतकी शाबूत आहे की मी पूर्ण गोळी द्यायला तयार आहे. अर्धीनं शंभरातल्या चाळीस जणांची गाठ कायमची जाते, पूर्णनं ऐंशी जणांची. पूर्ण गोळीत तो साठा जवळजवळ सगळा जातो; पण तुमचा भरपूर दिसतोय, थोडा तरी उरेल. उद्या सकाळी दहाला विचार करून सांगा."

सोजरनं विचार करायला दहा वाजायची वाट बघितली नाही. "घेती की! वळख शाबूत हाय म्हणून घेती. ज्या दिवशी कोकरू वळखंना, त्या दिवसापासनं मला गोळी नगं. धनगराची बाई आन् कोकरू वळखंना, मंग ती जित्ती काय आन् मेली काय, सारखंच." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ह्ये हाइत की साक्षीला. काय वो?"

मायाप्पा "हं" म्हणाला.

ती रात्र आणि तो "हं" दोन्ही त्याला गिळता आली नाहीत. सांगावं तर ही गोळी टाकून देणार आणि वर्षात हातची जाणार. न सांगावं तर गोळी घेणार, जगणार, आणि ज्याच्याशिवाय जगणं नको म्हणते ते आपण तिच्या पाठीमागं विकून मोकळे झालेलो असणार. आणि बाई भरपूर साठा म्हणाल्या, तो कुठाय? त्याच्या गुडघ्यात.

सकाळी सोजर भाकरी थापत होती. मायाप्पा चुलीपुढं येऊन बसला. तो सकाळचा कधी बसत नसे.

"सोजे, तुझी वळख गेलीया."

"तुमचं डोस्कं गेलंय."

"दीड महिना झाला. मी गुडघ्यानं मेंढरू म्होरं ढकलतूय."

तिचा हात परातीत थांबला. तिनं सुनेकडं बघितलं. शालननं मान खाली घातली, आणि सोजरला उत्तर मिळालं. तव्यावरची भाकरी खरोखरच करपली, आणि कुणी उलटली नाही.

"शालन, फोन घी," ती म्हणाली.

"आत्या, आज गुरवार न्हाई."

"घी म्हणती न्हवं!"

मेंढरं अजून तळावरच होती. मायाप्पा लांब बांधावर जाऊन, हात पाठीशी बांधून उभा राहिला. सोजरनं दहा कोकरं लावली. तीन बरोबर आली. उरलेल्या सातांना मेंढरांनी उडवून लावलं, आणि सातवं पडलं तेव्हा सोजर वाघरीत मटकन खाली बसली.

मग ती बांधाकडं चालत आली. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच मायाप्पाला सोसेना.

"माझ्या जिवाचा सौदा माझ्या पाठीमागं केलासा? मी काय मेंढरू हाय तुमचं?"

"भ्या वाटलं," मायाप्पा म्हणाला. "बाई म्हनल्या, गोळी थांबवू. सोजे, कोकराची आई मेली तर त्येला दुसऱ्या मेंढीला लावता येतंय. चार दिस वरडतंय, मंग पितंय. मला कुणाला लावणार तू?"

इतकं लांब तो जन्मात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर तो अडीचशे मेंढरांसमोर ढसाढसा रडला. सोजर तिथं थांबली नाही, पण ओरडलीही नाही.

दहाला फोन लागला. सोजरनं स्वतःच सगळं सांगितलं. मग बाई आधी मायाप्पावर कडाडल्या, आणि नंतर हळू आवाजात म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मेंढी खोटं बोलत नाही एवढंच मी बघितलं. तिला पुढं कोण आणतंय, ते विचारलं नाही." मग त्यांनी काही न लपवता मांडलं. साठा जवळपास संपलाय. अर्धी गोळी घेतली तर जे थोडं उरलंय ते कदाचित राहील, पण गाठ परतायची भीती मोठी. पूर्ण घेतली तर गाठ जायची आशा मोठी, आणि ही ओळख कायमची गेली. काहीच न घेणं हाही तुमचा हक्क. आठ दिवस थांबता येईल.

"म्हंजी नवं मला कायच कळणार न्हाई?"

"कळेल. सावकाश, पुन्हा पुन्हा सांगून, हातानं करून. ते काम मेंदूच्या दुसऱ्या भागाचं, तो ठीक आहे. पण एका नजरेत कळायचं, ते जाईल. आणि दिवस..." बाई अडखळल्या. "एकासारखे एक दिवस मिसळून जातील, सोजरबाई. काल आणि आज वेगळे राहायचे नाहीत."

तीन दिवस सोजर नवऱ्याशी बोलली नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात बायकोला चार वाक्यांच्या वर दिलं नव्हतं, त्याला ते तीन दिवस खायला उठले. तो उगीचच पाणी मागायचा. शालन तांब्या द्यायची.

तीन दिवस कोकरं लावायचं काम शालनकडं होतं, आणि सोजर दगडावर बसून बघत होती. चौथ्या सांजेला शालनच्या हातनं लागोपाठ दोन कोकरं उडाली तेव्हा सोजर एकदम म्हणाली, "हिची दर दहात चार चुकत्यात. मी रोज मोजतीया. आन् ही हाय आपली ठणठणीत, भाकऱ्या चार खाती. ही काय मेली का?"

"आत्या, माझ्यावर कशाला आलासा?"

"तुझ्यावर न्हाई गं." सोजर हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "माझीच अक्कल काढतीया. चुकलं तर चुकलं. परत उचलायचं, परत लावायचं. दूध तर पोटात जातंय." मग तिनं मायाप्पाला हाक मारली. चार दिवसांत पहिली.

तो जवळजवळ धावतच आला.

"पुरी गोळी घेती. पर माझी एक अट हाय. हितनं म्होरं तुमी बोलायचं. कुठलं कोकरू कुणाचं, त्ये म्होरं उभं ऱ्हाऊन तोंडानं सांगायचं, चोरून न्हाई. आन् रोज सांजच्याला मला सांगायचं, कालच्यापरास आज काय निराळं झालं. मला कळणार न्हाई, म्हणून तुमी सांगायचं. आन् खोटं एकबी नगं. कोकरू मेलं तर मेलं म्हणायचं."

"सांगीन," मायाप्पा म्हणाला.

तिसरी फेरी झाली. शिमग्याच्या सुमारास मिरजेत चित्र काढलं, तेव्हा पडद्यावर ज्वारीचा दाणा नव्हता. सहा महिन्यांनी नव्हता, वर्षानं नव्हता. शहापूरकरबाईंनी सोजरची हकिकत परदेशातल्या सभेत वाचली आणि तेव्हापासून प्रत्येक रोग्याच्या घरच्यांना त्या आधी बजावून सांगतात: परीक्षा त्यांची आहे, तुमची नाही.

आणि बोलायला शिकायचं ते मायाप्पाला शिकावं लागलं, साठीला टेकल्यावर. पहिले महिनाभर त्याचे फार हाल झाले. "आज ऊन हुतं," म्हणायचा आणि थांबायचा. "काल न्हवतं?" सोजर विचारायची. मग त्याला आठवावं लागायचं, कालचं ऊन कसं होतं, दुपारनंतर ढग आले होते का, कुठल्या बांधावर बसलो होतो. दिवसभर चरणीला तो आता डोळे उघडे ठेवून चालायचा. सांजेला काहीतरी न्यायला हवं म्हणून. खंड्या पक्ष्यानं मासा पकडला, अमक्याच्या विहिरीला मोटार बसली, एक मेंढी लंगडली. सोजर ऐकायची, विसरायची नाही, पण एकात एक घालायची. दुसऱ्या दिवशी लंगडी मेंढी विहिरीत पडलेली असायची. मग तो पुन्हा सांगायचा. कोकरांच्या वेळी तर तो पुढं उभा राहून एकेकाचं नाव घेऊन बोलायचा, आणि सोजर ते म्हणत म्हणत हातानं चाचपून उचलायची. घंटाभराच्या कामाला तीन घंटे लागायचे. दहात सहा बरोबर यायची. एकदा सात आली तेव्हा शालननं गूळ वाटला.

पुढच्या माघातली एक सांज. कोकरं पिऊन झाली होती, सोजर घोंगडीवर पाय पसरून बसली होती. मायाप्पा शेजारी येऊन टेकला.

"सांगा. कालच्यापरास आज काय निराळं?"

मायाप्पानं आठवून बघितलं. त्याच शेतात मेंढरं चारली. तेच ऊन. तीच भाकरी, तोच ठेचा. नवं कोकरू जन्मलं नाही, जुनं मेलं नाही, रस्त्यानं कुणी गेलं नाही. त्यानं पुन्हा एकदा सगळा दिवस चाचपला. काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलंही. पण शब्द दिला होता.

"कायच न्हाई सोजे," तो कसनुसा होऊन म्हणाला. "कालच्यासारखाच गेला."

"काल ब्येस गेला हुता का?"

मायाप्पानं तिच्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई ब्येस गेला हुता."

"मंग मिसळंना का," सोजर म्हणाली, आणि अर्धी घोंगडी त्याच्या अंगावर ओढली.